पूर ओसरल्यावर घर आवरायच्या आधी: विमा, पंचनामा आणि बँकेची कामं, नाशिककरांसाठी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो, दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत, गळ्याशी. हा गोदावरीच्या पात्रात उभा असलेला मारुती, पुराचं पाणी आपण त्याच्या अंगावर मोजतो. बाहेरगावच्या माणसाला यातून काही कळणार नाही पण आपल्याला एवढ्यावरून समजतं की सराफ बाजार, भांडी बाजारातल्या लोकांनी माल वर चढवायची वेळ झाली का नाही ते. 1969 चा महापूर जुनी माणसं अजून सांगतात, 2008 चा सप्टेंबर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितलाय, त्यानंतर 2016 चा आणि 2019 चा ऑगस्ट. गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी मोजायला मारुती आहे, पण तेच पाणी आपल्या घरात किती चढलं होतं हे मोजून, लिहून ठेवणारी माणसं मला फार कमी भेटलीत, आणि नंतर विम्याचे पैसे नेमके तिथेच अडकतात.

माझी मावशी पंचवटीत तळमजल्यावर राहते. 2019 ला तिच्या घरात कमरेच्या वर पाणी आलं. पाणी उतरलं तसे आम्ही सगळे नातेवाईक खराटे, बादल्या, घमेली घेऊन पोचलो आणि दोन दिवसांत घर धुवून काढलं. गाद्या, फुगलेलं प्लायवूडचं कपाट, दिवाण, धान्याच्या कोठ्या, भिजलेल्या साड्यांची गाठोडी, सगळं घंटागाडीत आणि रस्त्यावरच्या ढिगात गेलं. मावशीकडे घराचा विमा होता. चौथ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तर त्याला दिसलं फिनेलचा वास येणारं रिकामं घर. फ्रिज आणि वॉशिंग मशीन जड म्हणून राहिली होती, तेवढ्याचेच पैसे मान्य झाले. बाकी सामान होतं हे दाखवायला आमच्याकडे एक फोटो नव्हता. देवघराच्या मागे कोणाचा हात पोचला नव्हता तिथे भिंतीवर बोटभर जाडीची मातकट रेघ तशीच राहिली होती, सर्व्हेअरने टेप लावून ती मोजली, फोटो घेतला, आणि पाणी एवढं आलं होतं याचा तो एकच पुरावा आमच्या फाईलमध्ये लागला. चूक कोणाची म्हणायची, सगळे मदतीलाच आले होते. पण तेव्हापासून कोणाच्या घरात पाणी शिरलं असं कळलं की मी पहिलं हेच सांगते, थांबा, खराटा उचलायच्या आधी मोबाईल उचला.

अर्थात त्याच्याही आधी जीव. पाणी ओसरलं तरी मेन स्विच चालू करू नका, मीटर किंवा बोर्ड पाण्यात गेला असेल तर महावितरणला कळवा आणि वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या नाशकातल्या मातीच्या वाड्यांना तर जास्तच जपायचं, कारण भिंत पाणी पिऊन जड झालेली असते आणि पूर गेल्यावर, कधीकधी ऊन पडल्यावर दोन दिवसांनी खचते. घर धोकादायक वाटत असेल तर आत शिरून फोटो काढत बसू नका, बाहेरून काढा.

आता फोटो कसे काढायचे. आधी गल्लीतून घराचा एक, ज्यात घर नंबर किंवा शेजारची ओळखीची खूण दिसेल. मग प्रत्येक खोलीत दारात उभं राहून सगळी खोली, त्यानंतर एकेक वस्तू जवळून, फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांच्या मागे कंपनीचं लेबल आणि सिरीयल नंबर असतो त्याचा वेगळा फोटो. भिंतीवरच्या रेघेला टेप लावून दोन-तीन ठिकाणी फोटो घ्या, टेप नसेल तर घरातलं कोणीतरी रेघेशेजारी उभं करा म्हणजे उंची कळते. मग एक सलग व्हिडिओ, त्यात बोलत बोलत आजची तारीख, पाणी किती वाजता आत आलं आणि किती वाजता उतरलं ते सांगा. हे सगळं लगेच व्हॉट्सअॅपवर बाहेरगावच्या एखाद्या नातेवाईकाला पाठवून ठेवा, त्या दिवसांत मोबाईलचा काही भरवसा नसतो.

ज्या वस्तू फेकाव्याच लागतील, म्हणजे सडलेलं धान्य, ओल्या गाद्या, त्या फोटो काढून, वहीत नाव, नग, अंदाजे कधी घेतली, किती रुपयांना, एवढं लिहून मगच फेका. गादीच्या कापडाचा किंवा पडद्याचा हातभर तुकडा ठेवला तरी चालतो. जड सामान मात्र सर्व्हेअर येईपर्यंत एका बाजूला लावून ठेवा, भंगारवाला त्याच दिवशी दारात येतो आणि आपण वैतागलेले असतो, तरी देऊ नका. आणि नुकसान आणखी वाढू नये म्हणून जे करावं लागतं, पत्र्यावर ताडपत्री टाकणं, पाणी उपसायला पंप लावणं, कोरडं सामान दुसरीकडे हलवणं, ते कंपनीची वाट न बघता करायचं, पॉलिसीत तशी अपेक्षाच असते. त्याच्या पावत्या ठेवा.

कंपनीला कळवायला उशीर करू नका, त्याच दिवशी जमलं तर उत्तम. टोल फ्री लागला नाही तर ईमेल करा, अॅपवर करा, एजंटला मेसेज टाका, आणि क्लेम नंबर घेतल्याशिवाय सोडू नका. पॉलिसीचे कागद वाहून गेले असतील तरी अडत नाही, नाव, मोबाईल नंबर आणि पत्त्यावरून त्यांच्या सिस्टीममध्ये पॉलिसी सापडते. विमा क्षेत्रावर लक्ष ठेवणारी आयआरडीएआय म्हणून जी संस्था आहे तिच्या 2024 च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमणुकीपासून 15 दिवसांत त्याचा रिपोर्ट यायला हवा आणि रिपोर्ट हातात आल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पाठपुरावा करताना कामाला येतात.

सर्व्हेअर आला की घरातलं जबाबदार माणूस हजर पाहिजे. तो नुकसान मोजायला येतो, त्याला वाद घालून काही मिळत नाही, यादी, फोटो, बिलं, गवंडी-सुतार-वायरमनकडून लिहून घेतलेले अंदाजपत्रक हे दिलं की त्याचंही काम सोपं होतं. तोंडी बोलणं झालं तरी नंतर एक छोटा ईमेल टाका की आज तुम्ही येऊन गेलात, आम्ही अमुक कागद दिले. त्याच्या रिपोर्टची कॉपी मागायचा आपल्याला हक्क आहे, बहुतेक लोक मागतच नाहीत.

आता मुळात आपल्याकडे विमा आहे का आणि कसला आहे, इथे फार गोंधळ असतो. होमलोन घेताना बँकेत "इन्शुरन्स पण झालाय बरं का" असं सांगितलेलं असतं आणि आपण समजतो घराचा विमा झाला. बऱ्याच वेळा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, म्हणजे कर्जदार गेला तर कर्ज फिटतं, घरात पाणी शिरलं तर त्यातून एक रुपया मिळत नाही. काही बँका घराचाही उतरवतात, पण तो बहुतेक नुसत्या बांधकामाचा, आत सामान धरलेलं नसतं, आणि कर्ज चालू असेल तर क्लेमच्या पैशावर बँकेचा पहिला हक्क लिहिलेला असतो. म्हणून लोनची फाईल काढा, पॉलिसीवर विमा कशाचा आहे ते वाचा, कळलं नाही तर शाखेत जाऊन विचारा, लाजू नका.

1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी आलीय, घराच्या आगीचा आणि नैसर्गिक आपत्तीचा विमा देणाऱ्या सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांनी ती ठेवायचीच आहे आणि मजकूर सगळीकडे सारखा. आग, पूर, पाणी साचणं, वादळ, वीज, भूकंप, दरड, जमीन खचणं हे त्यात येतं. विमा किती रकमेचा घ्यायचा इथे लोक बाजारभाव लिहायला जातात. समजा फ्लॅटचा भाव 45 लाख आहे, पण त्यात जागेची किंमत आहे आणि जागा पुरात वाहून जात नाही. विमा तेच घर पुन्हा बांधायच्या खर्चाचा घ्यायचा असतो, 800 चौरस फूट आणि उदाहरणादाखल 2,000 रुपये फुटाचा बांधकाम खर्च धरला तर 16 लाख. बांधकाम आणि सामान दोन्हीचा विमा घेतला की सामानाला आपोआप बांधकामाच्या रकमेच्या 20 टक्के कव्हर मिळतं, जास्तीत जास्त 10 लाख, त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. म्हणजे वरच्या हिशोबाने 3 लाख 20 हजार. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन वाढवून घ्यायचं. क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत राडारोडा उचलायचा खर्च पण यात धरलाय.

या पॉलिसीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत विमा कमी रकमेचा असेल तर क्लेमही त्या प्रमाणात कापायचे. घर बांधायला 20 लाख लागतात आणि विमा 10 लाखांचाच घेतलाय, नुकसान झालं 4 लाखांचं, तर हातात 2 लाख, कारण निम्माच विमा होता ना. लोकांना वाटायचं कंपनीने फसवलं, पण नियमच तसा होता आणि घेताना कोणी समजावून सांगितलेला नसायचा. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकलीय, विम्याच्या रकमेच्या आत असेल तर नुकसान पूर्ण धरतात. तुमची पॉलिसी 2021 च्या आधीपासून तशीच रिन्यू होत आली असेल तर हे एकदा विचारून घ्या. रोख पैसे आणि कागदपत्रं यात येत नाहीत. दागिने हवे असतील तर वेगळे नोंदवून घ्यावे लागतात, घरात सोनं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

भाड्याने राहणाऱ्याला नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, भिंती मालकाच्या. सोसायटीने विमा काढलेला असेल तर तो बहुतेक इमारतीचा आणि सामाईक भागाचा, म्हणजे पंप, लिफ्ट, कंपाऊंड वॉल वगैरे, तुमच्या घरातला टीव्ही त्यात नाही, सेक्रेटरींकडून पॉलिसीची कॉपी मागून वाचा. खाली दुकान आणि वर घर असेल, आपल्या जुन्या बाजारपेठेत असं किती तरी ठिकाणी आहे, तर घराच्या पॉलिसीत दुकानातला माल बसत नाही, त्याला छोट्या व्यवसायांची भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही वेगळी पॉलिसी आहे, 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी.

गाडीचं एक वाक्यात सांगायचं तर पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असतं आणि स्टार्टर मारला की इंजिन आतून मोडतं, मग कंपनी म्हणते हे पुराने नाही, तुम्ही सुरू केल्यामुळे झालं, आणि इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर तो खर्च अंगावर येतो. टो करून न्या. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत.

विमा असो नसो, सरकारी पंचनामा करून घ्यायचाच. गावाकडे, म्हणजे चांदोरी, सायखेड्याकडे, तलाठी येतात, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सोबत ग्रामपंचायतीची माणसं, शहरात महसूलचे आणि महापालिकेचे कर्मचारी. पंचनाम्यावर सही करायच्या आधी वाचा: नाव आधारवर आहे तसं आहे का, घर नंबर बरोबर आहे का, बँक खातं आधारला जोडलेलं दिलंय का, पाण्याची उंची आणि पडझड लिहिलीय का. "घरात पाणी शिरले" एवढंच लिहिलं आणि मागची भिंत पडली हे राहिलं तर नंतर दुरुस्त करून घ्यायला फार फिरावं लागतं, म्हणून तिथल्या तिथे लिहायला सांगा आणि पानाचा फोटो काढून घ्या. तुमचं घर राहून गेलं तर तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

मदत किती मिळते? आपत्ती निधीतून केंद्राने 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी ठरवलेले दर सांगते. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. किमान 15 टक्के पडझड झाली असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. कपड्यांसाठी कुटुंबाला 2,500 आणि भांडी, घरगुती सामानासाठी 2,500. राज्य सरकार कधीकधी वेगळा आदेश काढून यात वाढ करतं, तेव्हा तो आदेश बघायचा. बांधकाम अधिकृत असल्याचं बघितलं जातं म्हणून घरपट्टीची पावती जवळ ठेवा. आकडे बघितल्यावर लक्षात येईल की ही मदत संसार पुन्हा उभा करायला पुरत नाही. साडेसहा हजारात एका खोलीचं प्लास्टर पण होत नाही, तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाने सरकार देईल म्हणून विमा टाळणं मला खरंच काळजीचं वाटतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, दोन्हीकडे मागायचं. शिवाय पंचनाम्याची प्रत विम्याच्या फाईलला पण लागते.

होमलोन चालू असेल तर बँकेत लगेच जा, हप्ता चुकायच्या आधी. आपत्तीग्रस्त भागातल्या कर्जदारांना हप्ते पुढे ढकलून देता येतील, कर्जाची मुदत वाढवता येईल अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, पण आपोआप काही होत नाही, अर्ज करावा लागतो आणि लेखी उत्तर घ्यावं लागतं. एक लक्षात घ्या, हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, ते पुढे मुद्दलात चढतं, त्यामुळे भरायला जमत असेल तर भरत राहिलेलं बरं. घरदुरुस्तीसाठी नवीन कर्ज काढताना पण घाई नको, क्लेमचे पैसे किती येतायत ते कळेपर्यंत छताचं, विजेचं, संडासचं एवढंच करा. ओल पूर्ण सुकल्याशिवाय रंग तर अजिबात देऊ नका, पोपडे येतात आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

भिजलेल्या नोटा एकमेकींना चिकटल्या असतील तर ओढून वेगळ्या करू नका, सावलीत पंख्याखाली सुकू द्या, खराब झालेल्या आणि फाटक्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात, फाटलेल्या असतील तर किती भाग शिल्लक आहे त्यावर रक्कम ठरते. घराच्या कागदांचं तर टेन्शनच घेऊ नका, इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, आणि खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून निघते, सातबारा आणि मिळकत पत्रिका डिजिटल सहीची ऑनलाइन मिळते, आणि कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत सुरक्षितच असतात.

क्लेम नाकारला किंवा फार कमी पैसे दिले तर तिथे संपत नाही. "फुल अँड फायनल" लिहिलेल्या कागदावर सही करायच्या आधी हिशोब मागा, कुठल्या वस्तूचे किती धरले, काय कापलं आणि पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली. पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर फोन करून. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा आलेलं पटलं नाही की विमा लोकपाल, म्हणजे ओम्बड्समन. आपल्या नाशिकसाठी त्यांचं ऑफिस पुण्याला आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार घेतात, फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, त्याला दोन वर्षांची मुदत. मावशीच्या वेळी यातलं आम्हाला काही माहीत नव्हतं, कंपनीचं पत्र आलं, घरच्यांनी वाचलं आणि कपाटात ठेवून दिलं. वर्ष तसंच निघून गेलं.

आता मे महिना लागला की आम्ही मावशीकडे जातो आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ काढतो, कपाटं उघडी करून, भांड्यांची फळी, देवघर, पंखे, सगळं. बिलांचे फोटो एका फोल्डरमध्ये. पॉलिसी नवीन घेतलीय, बांधकाम आणि सामान दोन्ही, फॉर्म भरताना नदी जवळ आहे आणि आधी पाणी आलं होतं हे तिने स्वतःहून लिहायला लावलं. पॉलिसीचा फोटो मावशीच्या मोबाईलवर आहे, माझ्या मोबाईलवर आहे, आणि इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मामेभावाकडे त्याची झेरॉक्स ठेवलीय. देवघराच्या मागची ती रेघ मावशीने पुसू दिली नाही, रंग देताना पण तेवढा पट्टा सोडायला सांगितला.